चिपीचं बीळ आणि डोंगरातला खडक

एक होती कुर्ली. म्हणजे इवलासा खेकडा. तिचं नाव चिपी. किनाऱ्यावरच्या वाळूत तिचं बीळ. बिळापुढे ती रोज वाळूच्या गोळ्या मांडायची.

एकदा लाट आली. फस्स्! वाळू गेली. बीळ गेलं. उरला नुसता कातळ. वर घार फिरत होती. लपायला जागाच नाही! चिपी घाबरली.

"दर्यादादा, वाळू दे ना! माझं बीळ होईना!"

"नदी खडे आणीना, मी वाळू देईना."

निघाली चिपी. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"नदीताई, खडे आण ना! दर्या वाळू देईना, माझं बीळ होईना!"

"खडक फुटेना, मी खडे आणीना."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"खडकोबा, फूट ना! नदी खडे आणीना, दर्या वाळू देईना, माझं बीळ होईना!"

"मूळ रेटेना, मी फुटेना. उगाच कोण फुटतं?"

खडकाच्या फटीत होतं पिंपळाचं मूळ.

"मूळबाळा, रेट ना! खडक फुटेना, नदी खडे आणीना, दर्या वाळू देईना, माझं बीळ होईना!"

"रेटू कसं? नाकासमोर गारगोटी अडकलीय!"

आता कोणाकडे जायचं? कोणाकडेच नाही! चिपीने फटीत नांगी घातली. ओढली, ओढली, ओढली... कट्! गारगोटी बाहेर.

मूळ रेटू लागलं. ऊंऽऽ! खडक फुटला. कडाड्! नदीने धोंडे लोटले. गडगड, गडगड! धोंड्यांचे झाले गोटे. गोट्यांचे झाले खडे. खड्यांची झाली वाळू. गोष्टीत हे चटकन झालं. खऱ्या डोंगराला फार फार वर्षं लागतात.

चिपी आली मागोमाग. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

दर्याने वाळू पसरली. फस्स्! चिपीने बीळ खणलं. खर्र खर्र! तेवढ्यात घार झेपावली. झूप! चिपी बिळात. घार गेली हात हलवत. घारीला हात नसतात, तरी गेली.

चिपीने दारात गोळ्या मांडल्या. एक इथे, एक तिथे.

तळातली वाळू म्हणाली, "चिपे, आम्ही दबून दबून पुन्हा खडक होणार हं!"

"व्हा की!" चिपी म्हणाली. "मूळ कुठे राहतं, मला ठाऊक आहे."