गुणाजीनं गळती थांबवली

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गुणाजी. स्वभावानं गरीब गाय. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही, हीच खरी पंचाईत होती.

त्यानं म्हैस विकून एक जुनी मोटार घेतली होती. बायको हौसा म्हशीच्या आठवणीनं अजून डोळे पुसायची. "म्हैस दूध द्यायची," ती म्हणायची, "ही बया नुसतं पेट्रोल पिती." आता तर गाडी पेट्रोल धड पीतही नव्हती, गाळत होती. बॉनेट उघडलं की वासानं डोकं गरगरायचं.

अशातच मेव्हण्याचं, म्हणजे यशवंताचं, लग्न ठरलं. सासूबाईंची एकच इच्छा होती.

"मी या घरात आले ती बैलगाडीतनं, हाडं खिळखिळी करून घेत. माझी सून मोटारीतनंच उंबऱ्याला आली पायजे, जावईबापू!"

साऱ्या भावकीत त्यांनी हे सांगूनही टाकलं होतं. गाडी निघाली नसती तर सासूबाईंना गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तेव्हा गुणाजी दस्तगीर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री गॅरेजच्या दारात बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"इंजेक्टरच्या रिंगा गेल्यात," सगळं ऐकून मिस्त्री म्हणाला. "इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या चार नळ्या असत्यात. त्यांना रबराच्या रिंगा असत्यात. रबर वाळलं की फटीतनं गळतं. तापलेल्या इंजिनावर ते पडलं तर भडका व्हईल, तवा गाडी सुरू करून हितं आणू नका. माझा हात हा असा. तुम्हीच घरी करा, मी सांगतो तसं. पहिल्यांदा इंजिन गार होऊ द्या."

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो," गुणाजी म्हणाला.

गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती. तरी गुणाजी बॉनेट उघडून सुपानं वारा घालत बसला. सकाळ गेली, दुपार गेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आजारी हाय का काय?" गुणाजी म्हणाला, "ताप उतरतोय." संध्याकाळी तो मिस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, हात दुखायला लागले, आता पुढं काय?

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. डावा.

"अवो, उभी गाडी गारच असती! हात लावून बघायचं. गार लागलं की सोडायचं."

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो."

गुणाजी घरी आला. स्वयंपाकघरात खुंटीला एक गाठोडं टांगलेलं होतं. लग्नाघरच्या श्रीखंडासाठी हौसानं चक्का बांधला होता. गुणाजीनं हात लावून बघितला. गार लागला. त्यानं गाठ सोडली. सगळा चक्का धपकन जमिनीवर आला, आणि मांजराचं लग्न आधी लागलं.

हौसा धावत आली. "अवो, गाठ का सोडली? गळतंय तवर फडक्यात घट्ट बांधून खुंटीला टांगायचं असतं!"

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तो गाडीकडे वळला. खोटं कशाला बोला, हे काम त्यानं झकास केलं. मिस्त्रीनं सांगितलं होतं तशी बॅटरीची वायर सोडली, बोल्ट काढले, चारी नळ्या अलगद उपसल्या. नळ्यांतून पेट्रोल ठिपकत होतं. गळतंय म्हटल्यावर गुणाजीला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. त्यानं नळ्या फडक्यात घट्ट बांधल्या आणि खुंटीला टांगल्या. खुंटी चुलीच्या शेजारीच होती.

सासूबाई काडी ओढणार एवढ्यात त्यांना वास आला. त्या काडेपेटी टाकून अंगणात पळाल्या आणि तिथून बोंब मारली. गावभर झालं. मिस्त्रीनं गुणाजीला बोलावून घेतलं.

"पेट्रोल आणि चूल? घर जाळायचं हाय का गाव? आता नीट ऐका. कुठं जाळ दिसला की पहिली मूठभर माती टाकायची. इचारत बसायचं न्हाई."

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो."

हळदीच्या दिवशी यशवंता पाटावर बसला होता. पिवळाधमक. सुवासिनी ओवाळायला आल्या. तबकात निरांजनाची ज्योत छान तेवत होती. गुणाजीनं ती पाहिली. त्यानं विचारत वेळ घालवला नाही. अंगणातली मूठभर माती उचलली आणि तबकात फेकली. निरांजन विझलं. साखर घ्यायला यशवंतानं नेमका आ केला होता, त्यालाही थोडी मिळाली.

"जावईबापू!" सासूबाईंचा आवाज चिरकला, पण मान देणं काही सुटलं नाही. "शुभकार्य हाय हे! अशा येळी हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या, हात जोडायचे! माती कसली टाकताय?"

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो."

हळद आटोपली. गुणाजी दुकानातनं आणलेल्या नव्या रिंगा घेऊन गाडीपाशी गेला. नळ्या काढल्या होत्या तिथं इंजिनाला चार भोकं दिसत होती. काम शुभ होतं यात शंका नव्हती. सासूबाईंची सून येणार होती या गाडीतून. त्यानं चारी भोकांना हळदकुंकू लावलं, प्रत्येकात चिमूटभर अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

हे ऐकल्यावर मात्र मिस्त्री प्लास्टर सांभाळत स्वतःच पळत आला. डाव्या हातात चिमटा घेऊन टॉर्चच्या उजेडात एकेक तांदूळ वेचत बसला. वेचताना तो जे बोलत होता ते लग्नाघरी सांगण्यासारखं नाही. मग त्यानं गुणाजीला शेजारी उभं केलं आणि त्याचं मनगट धरूनच रिंगा बसवून घेतल्या. रिंगेला बोटानं तेल लावायचं, पिळायची नाही, सरळ दाबायची. मनगट मिस्त्रीच्या हातात असल्यामुळे सगळं बिनचूक झालं. नळ्या बसल्या, बोल्ट आवळले, वायर जोडली.

"आता किल्ली नुसती फिरवा. सुरू करू नका. कुठं थेंब दिसतोय का बघा."

गुणाजीनं बघितलं. सगळं ठणठणीत कोरडं होतं.

"शाब्बास!" मिस्त्री म्हणाला. "तरी बी ध्यानात ठेवा. पुन्हा कधी गळताना दिसलं, तर हातभर बी पुढं न्यायचं न्हाई. जिथनं आणलं तिथं नेऊन परत द्यायचं आणि नवीन बसवून मागायचं. मधी कोण काय बी म्हणंल, ऐकायचं न्हाई."

हे त्यानं दुकानातल्या रिंगांबद्दल सांगितलं होतं. तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं, पण बिचारा तांदूळ वेचून दमला होता.

"असं व्हय? बरं, आता तसंच करतो."

लग्न थाटात लागलं. गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. हौसासुद्धा म्हशीला विसरली आणि बायकांना सांगत सुटली, "आमच्या ह्यांनीच दुरुस्त केली." सासूबाई सुनेच्या स्वागताची तयारी करायला टेम्पोतून पुढं गेल्या. दिवस कलला, पाठवणी झाली. नवरानवरी मागं बसली, गुणाजीनं गाडी काढली. यशवंता दोन रात्री जागा होता. वेस ओलांडायच्या आत मुंडावळ्यांसकट घोरायला लागला.

निम्म्या वाटेत गुणाजीनं सहज आरशात बघितलं. नवरीच्या हनुवटीवरून एक थेंब पडला. मग दुसरा.

गुणाजीनं करकचून ब्रेक दाबला. उतरला, मागचं दार उघडलं आणि वाकून नीट पाहिलं.

"वहिनी, कवापासनं गळतंय?"

"मांडवातनं निघाल्यापासनं," नवरी हुंदका देत म्हणाली.

"दोन्हीकडनं?"

"दोन्हीकडनं."

गुणाजीनं मान हलवली. हातभरही पुढं न्यायचं नव्हतं. त्यानं गाडी तिथल्या तिथं वळवली.

नवरीच्या दारात मांडवाच्या कनाती उतरवत होते. मोटार बघून तिचा बाप पुढं आला. "काय पाव्हणं, काय इसरलं का?" नवरी तर दार उघडून आईच्या गळ्यात जाऊन पडली. गुणाजीनं तिची ट्रंक उतरवली आणि बापापुढं ठेवली.

"मामा, तुमची लेक गळतीया. दोन्हीकडनं. नवीन बसवून ठेवा, मग येतो न्यायला."

बापाला काही कळेपर्यंत गाडी धुरळा उडवत गेली होती. मागच्या सीटवर यशवंता कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

इकडं उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. ओवाळायचं तबक तयार होतं. सारी भावकी दाटीवाटीनं उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढं सासूबाई, नव्या लुगड्यात. मोटार दारात थांबली. सासूबाईंनी कौतुकानं मागचं दार उघडलं. आत यशवंता एकटाच आळस देत होता.

"जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "माझी सून कुठाय?"

"गळत होती," गुणाजी म्हणाला. "ज्यांची त्यांना परत देऊन आलो."

भावकीत कुणीतरी फिसकन हसलं. ओवाळायचं तबक सासूबाईंच्या हातात तसंच राहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि टपोरा थेंब गालावरून खाली ओघळला.

गुणाजीनं तो बघितला. त्यानं आदरानं त्यांच्या हातातलं तबक काढून हौसाकडे दिलं आणि गाडीचं दार सताड उघडून धरलं.

"बसा, सासूबाई," तो म्हणाला. "तुमचं माहेर कुठलं?"