दारी पोचलेला शब्द

खूप खूप वर्षांपूर्वी, राज्य करू पाहणारी माणसं स्वतः लोकांच्या दारी येऊन उभी राहत असत त्या काळात, डोंगरांच्या मधोमध एक छोटंसं राज्य होतं. तिथे राजा नव्हता. लोक आपल्यातूनच एक कारभारी निवडत आणि त्याच्या डोक्याला पागोटं बांधत.

एका वर्षी एक उमदा, गोड बोलणारा माणूस पुढे आला. नदीच्या घाटावर सभा भरली होती. तो म्हणाला, "साठी ओलांडलेल्या कुणालाही यापुढे औषधासाठी हात पसरावा लागणार नाही. वैद्यशाळेतलं औषध मी प्रत्येकाच्या दारी पोचवीन. हा माझा शब्द."

म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पागोटं त्यालाच मिळालं, हे निराळं सांगायला नको.

त्याच राज्यात एक आजी-आजोबा राहत. दोघांनी जन्मभर टोपल्या विणल्या होत्या. आता आजोबांना दमा जडला होता. दूरच्या डोंगरावर एक मुळी मिळे, तिचं चाटण घेतलं की त्यांचा श्वास मोकळा होई. नाही घेतलं, तर बिचाऱ्यांना आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ते रात्र काढत, आणि आजी त्यांची पाठ चोळत बसे.

शब्द दिल्याप्रमाणे चाटण आलं. शुद्ध पक्ष सरला आणि वद्य पक्ष लागला, तसं ते बंद झालं. आजी वैद्यशाळेत गेली. तिथला माणूस म्हणाला, "शुद्ध पक्षात आम्ही देणार. वद्य पक्षात ज्याचं त्यानं बघायचं. कोठारात आहेच तेवढं."

"आणि आजाराला ठाऊक आहे का कुठला पक्ष चाललाय ते?" आजीनं विचारलं.

तो माणूस मुळ्या कुटत राहिला.

मग घरोघरची म्हातारी माणसं करतात तेच सगळ्यांनी केलं. महिना निभावा म्हणून कुणी अर्धाच घोट घेऊ लागलं, कुणी एक दिवस आड. ज्या घरात दोघंही आजारी, तिथे बायका आपला वाटा नवऱ्याला देऊन "मला बरं वाटतंय" म्हणू लागल्या. आणि कारभारी? त्याच्या कानावर यातलं काही जात नव्हतं. निदान तो तसं म्हणे.

आता त्या राज्यातली एक रीत सांगायला हवी. रीत मोठी शहाणी होती. वर्षअखेर घाटावर पुन्हा सभा भरे. कारभाऱ्यानं दिलेला एकेक शब्द मोठ्यानं बोलून दाखवला जाई, आणि ज्यांना तो दिला असेल त्यांनी उत्तर द्यायचं, "पोचला." नाही पोचला, तर कारभाऱ्यानं पागोटं उतरवायचं आणि शब्द पुरा होईपर्यंत बोडक्या डोक्यानं कारभार करायचा.

पण रीत शहाणी असून काय उपयोग? माणसं भिडस्त. कारभारी समोर हसतमुख उभा, नाव घेऊन गुडघ्यांची चौकशी करतोय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? घरी त्याच्या नावानं बोटं मोडणारेही घाटावर आले की "पोचला, पोचला" म्हणून मोकळे होत. एकाही कारभाऱ्याचं पागोटं उतरलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

या वर्षी मात्र टोपल्यावाली आजी गप्प बसणार नाही, अशी कुणकुण कारभाऱ्याला लागली. सभेच्या आदल्या दिवशी त्याचा माणूस चाटणानं भरलेलं मोठं भांडं घेऊन तिच्या दारात आला. "आजी, हे कारभाऱ्यांनी खास तुमच्यासाठी पाठवलंय. उद्या सभेला येताय ना? सांभाळून बोला म्हणजे झालं."

वद्य पक्ष चालू होता. आत आजोबांच्या छातीचा भाता ऐकू येत होता. आजीनं भांडं घेतलं. खोटा ताठा तिच्यापाशी नव्हता, आणि मला ती आवडते ती यासाठीच. तिनं लगेच आजोबांना चाटण दिलं. थोड्या वेळानं ते आडवे झाले आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. आजी त्यांच्याकडे बघत बसली आणि पोटभर रडली.

जाग आल्यावर आजोबा म्हणाले, "अगं, आता उद्या कशी बोलशील? त्याचं खाल्लंय आपण."

"अहो, हक्काचं होतं ते खाल्लं," आजी म्हणाली. "जीभ काही गहाण टाकली नाही."

"आणि पुन्हा आलंच नाही तर?"

आजी त्यांच्या उशाशी येऊन बसली. "तुम्हीच सांगा, गप्प बसू का?" तिनं विचारलं.

"नको," आजोबा म्हणाले. "बोल तू."

दुसऱ्या दिवशी घाटावर औषधाचा शब्द वाचला गेला आणि चहूकडून "पोचला, पोचला" सुरू झालं. आजी काठी टेकत उभी राहिली.

"माझ्या घरी काल पोचला," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या घरी नाही पोचला."

कारभाऱ्याचा माणूस पुढे आला. "आजी, भरलेलं भांडं घेतलंत आणि वर हे बोलता?"

"घेतलं. सगळ्यांसमोर सांगते, घेतलं. त्यानं काल माझा म्हातारा आडवा होऊन झोपला. म्हणून तर आले. एका भांड्यानं माणूस सुखानं झोपतो, आणि ते भांडं वद्य पक्षातही भरतं, हे आता मला कळलंय. मग बाकीच्यांनी का भिंतीला टेकून बसायचं? शब्द काय माझ्या एकटीला दिला होता?"

तिनं मागे वळून पाहिलं. "ज्यांच्या घरी या पक्षात औषध आलं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मग एक आजोबा चाचरत म्हणाले, "माझ्याकडे नाही पोचला." पाठोपाठ दुसरे बोलले, मग एक आत्या, मग सगळा घाट बोलू लागला.

कारभाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो आता आजीवर उखडणार असं सगळ्यांना वाटलं. पण माणूस मुळात वाईट नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं पागोटं उतरवलं, पायऱ्या उतरून खाली आला आणि म्हणाला, "आजी, मी चुकलो. तुमचं तोंड बंद करायला भांडं पाठवलं, याची जास्त लाज वाटते."

"तू एकटा नाही चुकलास, बाबा," आजी म्हणाली. "आम्ही पोचला पोचला म्हणत राहिलो. तुला धाक राहणार कसा? पण आता पागोटं शेवटच्या घरी औषध पोचल्यावरच बांधायचं."

आणि तिनं ते तसंच करून घेतलं, बरं का. कारभाऱ्यानं आपल्या मिरवणुकीचे घोडे मुळ्या वाहायला डोंगरावर धाडले. पहिल्या अमावास्येला निम्म्या घरांत औषध पोचलं, तेव्हा लोक म्हणाले, झालं की आता, बांधू दे पागोटं. आजी म्हणाली, नाही. उन्हाळाभर कारभारी बोडक्या डोक्यानं हिंडला. पलीकडच्या खिंडीतल्या एकट्या म्हाताऱ्या गुराख्याचा औषध मिळाल्याचा निरोप आला, तेव्हाच आजीनं मान डोलावली.

पुढच्या वर्षी लोकांनी त्यालाच पुन्हा निवडलं. सभा मात्र संध्याकाळपर्यंत लांबली, कारण आता जो तो आपल्या घरचं खरं खरं सांगत होता, आणि कारभारी प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होता.

आजोबा आणखी बरीच वर्षं जगले. गेले ते झोपेत, अंथरुणावर छान आडवे होऊन.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात धरा: दिलेला शब्द पाळणं हे देणाऱ्याचं काम, पण तो पाळला गेला नाही हे तोंडावर सांगणं हे आपलं काम.