भानुदत्ताच्या शेल्याची गाठ

एका राज्यात विजयध्वज राजाची सत्ता होती, आणि त्या राज्यात एक रीत होती. पुरुष लढाईला निघाला, की बायकोने त्याच्या शेल्याच्या टोकाला गाठ मारायची. तो परतला, की तिनेच ती सोडायची. गाठीत असायची त्याची भीती, घर अंतरेल ही.

धूम्रनेत्र मांत्रिक राजाला म्हणाला, "महाराज, यंदा त्या गाठी कापून मला द्या. आपलं सैन्य निर्भय होईल." राजा भुलला. बायकाही भुलल्या, खोटं कशाला बोला?

केतकीचा नवरा भानुदत्त तर मुलखाचा भित्रा. शेजारणी म्हणत, "केतकी, रातकिडा ओरडला तरी तुझे धनी दार लावून घेतात हो." त्या टोमण्यांपायी तिने गाठ स्वतःच्या हाताने कापून दिली.

लढाई जिंकली, पण एकही पुरुष घरी आला नाही. सगळे सीमेवर खांबासारखे उभे. "घरी चला," कुणी म्हटलं तर ते विचारत, "कशाला?" आणखी नवल असं, की भाट विजय गायला उठला तेव्हा 'शौर्य' हा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. कोणाच्याच फुटेना. वेशीवर कोरलेली त्या शब्दाची अक्षरंही बुजून गेली.

केतकी रोज संध्याकाळी भानुदत्ताचं ताट घासून चुलीपाशी पालथं घाली. दाराकडे बघे. मग दार तिलाच लावावं लागे.

एके दिवशी कुंपणावर भारद्वाज येऊन बसला. म्हणाला, "बाई, गाठी मांत्रिकाच्या पेटाऱ्यात आहेत. वाटेत तीन कसोट्या आहेत. निर्भय माणूस तिथवर पोचत नाही."

"मग मी पोचेन," केतकी म्हणाली. "मला फार भीती वाटते."

पहिला आला दरीवरचा वेलींचा पूल. गाठी परत आणायला राजाने आधी धाडलेले निर्भय दूत त्यावर धाडधाड चालले होते आणि खाली दरीत गेले होते. केतकी एकेक वेल चाचपत, लटपटत पलीकडे पोचली.

पुढे गुहेच्या तोंडाशी नाग. "भ्यालीस?"

"भ्याले."

"मग मागे का फिरत नाहीस?"

"घरी ताट पालथं आहे."

नागाने वाट दिली.

आत पेटाऱ्यापाशी धूम्रनेत्र बसला होता. म्हणाला, "नवऱ्याची गाठ ओळखलीस तर सगळ्या तुझ्या. चुकलीस तर तुझीही भीती इथे राहील. मग बघ, त्याची वाट बघणंसुद्धा संपेल. सुटशील."

केतकी थबकली. रोजची ती संध्याकाळ सुटली असती. पण त्या संध्याकाळीशिवाय भानुदत्ताचं तिच्यापाशी उरलं होतं तरी काय? तिने पेटाऱ्यात हात घातला. सगळ्या गाठी सारख्या, सगळ्या थरथरणाऱ्या. इतक्यात गुहेच्या फटीत रातकिडा ओरडला, आणि एक गाठ टुणकन उडाली.

"हीच," केतकी म्हणाली. धूम्रनेत्राचा धूर झाला.

पेटारा डोक्यावर घेऊन ती सीमेवर आली. भानुदत्ताने तिच्याकडे झाडाकडे बघावं तसं बघितलं. तिने त्याच्यासमोर गाठ सोडली. त्याने डोळे मिचकावले आणि तिला ओळखलं.

"केतकी? एवढ्या लांब एकटी आलीस? घराला कडी लावलीस ना?"

तिला रडू आलं. तोच शत्रूचं शिंग वाजलं. हरलेले परत चालून येत होते. भानुदत्ताने घराच्या वाटेकडे एकदा बघितलं, मग तिला मागे सारलं आणि ढाल उचलली.

"अहो, भीती वाटते ना?"

"फार. तू माझ्या मागेच राहा."

आणि केतकीच्या ओठांवर तो शब्द आपसूक आला. "शौर्य," ती हळूच म्हणाली. तिकडे वेशीवरची अक्षरं पुन्हा उमटली. तिने भराभर बाकीच्या गाठी सोडल्या. माणसं थरथरली, घराच्या आठवणीने कळवळली, आणि एकमेकांना चिकटून अशी उभी राहिली की शत्रू आल्या वाटेने परत गेला.

राजाने भर दरबारात मान खाली घातली आणि गाठी कापण्याची आज्ञा मागे घेतली. भाटाला शब्द सापडला. पुरुष आपापल्या घरी गेले.

केतकीने ताट सुलटं मांडलं. भानुदत्त पहिला घास घेणार, तोच बाहेर रातकिडा ओरडला. त्याने उठून दार लावून घेतलं. आतून.

केतकीचं पालथं ताट जसं सुलटं झालं, तसं वाट बघणाऱ्या प्रत्येकीचं होवो.