चारशे सात नंबरचं इंजिन

वाफेच्या इंजिनांच्या काळातली गोष्ट. कारखान्यात एका इंजिनाचा बॉयलर बदलला, धुराडं आखूड केलं आणि बत्तीस नंबर खरवडून तिथे चारशे सात रंगवला. शेडमध्ये परतल्यापासून ते सारखं फुसफुसत होतं. "मी आता नक्की कोण?" असं ते दिसेल त्याला विचारी.

"नंबर वाच की स्वतःचा," शेजारची इंजिनं वैतागून म्हणत.

दुसऱ्या दिवशी भरलेल्या वाघिणी ओढत ते घाट चढू लागलं. तिसरं वळण येताच ड्रायव्हर कासमभाईंनी रुळांवर वाळू सोडली.

"चाकं घसरायच्या आधीच वाळू? इंजिन नवं आहे, भाई," फायरमन म्हणाला.

"नवं कसलं? आपलं बत्तीसच आहे ते. बॉयलर बदलला म्हणून खोड जाते होय? इथे ते घसरणारच."

चाकं घसरलीच, पण वाळूवर लगेच सावरली. इंजिन घाट चढून गेलं आणि पुन्हा त्याने कुणाला काही विचारलं नाही.