छकड्याचं वंगण

अवजारं जेव्हा माणसांपेक्षा कमी खोटं बोलत, तेव्हाची गोष्ट. एका खोपटात छकडा सगळ्यांत म्हातारा होता. त्याच्या आसाखाली वंगणाचा नळा लटकायचा. नवं अवजार आलं की त्याला त्यातलंच काळं वंगण लावायचं, अशी तिथली रीत होती.

एकदा गवत कापणारा ग्रासकटर आला. त्याच्या डोक्यातली इवली दातेरी चाकं मिनिटाला हजारो फेरे घेत. त्यांच्यासाठी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसची ट्यूबही सोबत आली होती.

"आजोबा, मी माझं ग्रीस लावू?" त्याने विचारलं.

"चाळीस वर्षं माझी चाकं याच वंगणावर फिरली. तू कोण लागून गेलास?" छकडा म्हणाला. कुदळ आणि पहार खिदळल्या. त्या दोघींना जन्मात वंगण लागलं नव्हतं, पण मत होतं.

तुमचं चाक मिनिटाला किती फिरतं, हा प्रश्न ग्रासकटरच्या जिभेवर आला होता. पण मोठ्यांना उलट विचारायचं नाही, म्हणून त्याने तो गिळला आणि काळं वंगण भरून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बांधावर ते वंगण तापून पातळ झालं आणि गळून गेलं. कोरड्या दात्यांनी एकमेकांना खाल्लं.

"हल्लीच्या पोरांत दमच नाही," छकडा म्हणाला.

पुढच्या हंगामात नवा ग्रासकटर आला. छकड्याने नळा पुढे केला. तेवढ्यात फळीवरून जुन्याचं मोडकं डोकं बोललं, "आजोबा, तुमचं चाक मिनिटाला किती फिरतं?"

छकड्याने नळा मागे घेतला. नव्याने आपल्या ट्यूबचं झाकण उघडलं.