पंचविसावं लागलं

फार लांबच्या एका देशात राजा नव्हता. लोकांनी निवडलेली मोठी सभा कारभार पाही. तिथे बसायचं तर माणूस त्या देशाचा नागरिक हवा, मतदारयादीत नाव हवं आणि वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत, असं संविधानातच लिहिलं होतं.

तिथल्या एका नदीवर तुळसा नाव चालवी. आईबाप नव्हते, भिवरा आत्यानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. गेल्या पुरात नाव सुटेना आणि एक अडलेली बाई काठावरच गेली. तेव्हापासून तुळसाला एकच ध्यास, नदीवर पूल. म्हणून दोन्ही काठांच्या गावांनी तिलाच सभेत पाठवायचं ठरवलं.

अर्जाच्या दिवशी कारकुनानं वय विचारलं. तुळसानं तोंड उघडायच्या आत आत्या कौतुकानं म्हणाली, "पंचविसावं लागलंय हो माझ्या पोरीला!" आता पंचविसावं लागणं म्हणजे भरलेली चोवीसच. पण लागलेलं वर्ष पदरात धरायची आपल्याला भारी हौस. कारकुनानंही सरळ पंचवीस लिहून टाकलं.

सही करताना तुळसानं 'पूर्ण' हा शब्द वाचला आणि ती थबकली. चार महिने कमी होते. दाखला कुणी मागत नव्हतं. पुढची निवडणूक पाच वर्षांनी, म्हणजे आणखी पाच पूर. तिचे डोळे भरून आले. तिनं लेखणी खाली ठेवली.

"चार महिन्यांनी काय आभाळ कोसळणार होतं?" लोक चिडले.

"अहो, तिथे बसून कायदे करायचेत. आत शिरतानाच एक मोडू?"

आत्या रडू लागली. "माझ्या जिभेनंच घात केला गं!"

तुळसानं पदरानं तिचे डोळे पुसले. "आत्या, तुझी तर साठ भरलीत. तूच उभी राहा. पुलाचं सगळं मी तुला शिकवते."

लोकांनी भिवराआत्याला निवडून दिलं. सभेत ती उठली. शिकवलेलं सगळं विसरली होती. एवढंच म्हणाली, "माझी भाची खोटं बोलली असती, तर आज इथे ती असती. ती बोलली नाही. आता माझं खरं ऐका, पुलावाचून आमची माणसं मरतात."

मग एकेक करत सगळे हात पुलासाठी वर झाले.

तात्पर्य: कायदे करायला निघालेल्यानं पहिला कायदा स्वतःला लावावा, त्यात जागा गेली तरी शब्दाला वजन येतं.