मौंजायनांनी राखलेले मृग

त्रेतायुगाच्या प्रारंभी, गिरिशिखरांवरील देवांचे येणे-जाणे अजून थांबले नव्हते त्या काळी, हिमवंताच्या दक्षिण उतारावर शुभ्रतोया नदीच्या तीरी मौंजायन नावाचे महातपस्वी राहत असत. आश्रमाच्या पाठीशी घनदाट देवदारवन होते आणि समोर यवांची शेते. येत्या वसंतात महासत्र करून ब्रह्मलोक जिंकावा, असा ऋषींचा आयुष्यभराचा संकल्प होता. मंडपाच्या स्तंभांसाठी आणि समिधांसाठी ते देवदारवन तोडण्यास शिष्यांनी आरंभही केला होता.

त्या वर्षी शिशिर यमदूतासारखा आला. हिमाने तृण गाडले, झुडपे गाडली. माणसाची सावलीही कधी अंगावर पडू न देणारे वनमृग अस्थिपंजर देह ओढीत आश्रमाच्या कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. त्यांच्या त्या मुक्या दृष्टीने मौंजायनांची समाधी मोडली. आसनावर बसावे तो उठावे, कुंपणापाशी जावे आणि काहीच न सुचून परत फिरावे, असे त्यांचे चालले.

"चारुव्रते," ते आपल्या पत्नीला म्हणाले, "दाराशी अतिथी उपाशी असता मी कोणत्या मुखाने अग्नीत आहुती देऊ? कोठारातले यव काढ."

"स्वामी, यवांची मला चिंता नाही. पण वनातल्या या जिवांना ते सोसतील का?"

"भुकेल्याला अन्न सोसत नाही, असे कधी ऐकले आहेस?"

यवांच्या राशी हिमावर पसरल्या गेल्या. मृग अधाशासारखे तुटून पडले, आणि कित्येक दिवसांनी ऋषींचे चित्त जरा स्थिरावले. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो कुंपणापलीकडे बरेच मृग पोटे फुगून आडवे पडलेले! एका गर्भिणी मृगीने तर त्यांच्या मांडीवरच प्राण सोडला.

मौंजायन उठले. घोंघावणाऱ्या वाऱ्याकडे मुख करून त्यांनी ओंजळीत जल घेतले. "हे प्रभंजना! ज्या हिमशीतल श्वासाने तू या निरपराध जिवांचा घात केलास, तो तुझा श्वास—"

"थांब, मुनिवर!" मृगावर आरूढ झालेले वायुदेव समोर प्रकटले. "मृग हे माझे वाहन. मी त्यांना मारीन? या मृगीचे उदर चाचपून पाहा. शिशिरात यांचे जठर शुष्क पाने, साली आणि डहाळ्या यांनाच सरावलेले असते. एकाएकी भरपेट धान्य पडले, आणि त्याचेच विष झाले. माझ्या श्वासाने नव्हे, तुझ्या घाईने यांना मारले."

ओंजळीतले जल बोटांमधून गळून गेले. चारुव्रतेने खाली बसून त्या मृगीचे डोळे मिटले.

"मग मी काय करू, भगवन्? नुसते बसून पाहणे मला जमणार नाही."

"तेच तुला शिकावे लागेल. हे वन उभे ठेव. त्याच्या छत्राखाली हिम थोडे पडते आणि माझा वेगही मोडतो. तोडलेल्या फांद्या यांना खायला तिथेच पसर, आणि मग दूर राहा. भ्यालेला मृग धावतो, आणि वसंतापर्यंत पुरवायचे बळ त्या धावण्यात जळून जाते."

"आणि माझे सत्र?"

वायुदेव अंतर्धान पावले.

तो सारा दिवस मौंजायन नदीच्या काठाने येरझारा घालीत राहिले. सायंकाळी ते शिष्यांना एवढेच म्हणाले, "कुऱ्हाडी ठेवा. मंडपासाठी आणलेल्या फांद्या वनात नेऊन पसरा."

त्यानंतरची तपश्चर्या आधीच्या साऱ्या तपांहून कठीण ठरली. ते वनाच्या कडेपर्यंत जात आणि स्वतःला आवरून मागे फिरत.

"बसा, स्वामी," चारुव्रता म्हणे. "उरलेले सगळे जिवंत आहेत."

"तुला कसे कळले?"

"नदीवर जाताना पाहिले. खुरांचे ठसे ताजे आहेत."

पण शिशिर लांबला आणि फांद्या संपत आल्या. तेव्हा वायुदेव पुन्हा प्रकट झाले. "मुनिवर, सत्रावाचूनच तू ब्रह्मलोक जिंकला आहेस. चल."

"तिथून हे वन मला दिसत राहील, भगवन्, आणि मी तिथेही येरझारा घालीन. वर द्यायचाच असेल, तर या माझ्या जटा त्यांच्या मुखी लागू द्या. एवढेच माझ्यापाशी उरले आहे."

"तथास्तु!"

एक प्रचंड झंझावात उठला. ऋषींच्या जटा सुटल्या, शतधा विखुरल्या आणि देवदारांच्या फांदीफांदीवर हिरवट करड्या शेवाळाच्या झिपऱ्या होऊन लोंबू लागल्या. उघड्या मस्तकाने कुडकुडणाऱ्या पतीच्या खांद्यांवर चारुव्रतेने आपले वल्कल टाकले. वायुदेवाने पुन्हा एकदा वन हलवले, तशा त्या जटा हिमावर गळून पडल्या, आणि एकेक मृग दबकत पुढे आला.

तेव्हापासून कुऱ्हाड न लागलेल्या जुन्या वृक्षांवरच त्या जटा वाढतात. शिशिरातले वादळ ओसरले, की वाऱ्याने पाडलेल्या त्या जटा खायला मृग देवदारांखाली जमतात. माणसाची चाहूल लागताच मात्र खाणे टाकून ते पळत सुटतात. म्हणून त्या ऋतूत तिकडून जाणारे जाणते लोक दुरूनच हात जोडतात आणि वाट बदलतात.